न्यू हेवन अपिझ्झा

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन या बंदराच्या शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झालेला, प्रखर आचेच्या विटांच्या भट्टीत भाजलेला पातळ पिझ्झा. स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘अबीट्स’ असा करतात. इटालियनमधील ‘ला पिझ्झा’चे नापोलीकडच्या बोलीत ‘आ पिझ्झा’ होते आणि शब्दाचा शेवटचा स्वर बोलताना गिळला जातो. स्थलांतरितांच्या तोंडचे हेच रूप न्यू हेवनमधील दुकानांच्या पाट्यांवर एकत्र जोडून लिहिले गेले आणि प्रमाण इटालियन तेथवर पोहोचूनही ते पुसले गेले नाही.

या पिझ्झाचा इतिहास मुख्यतः वूस्टर स्ट्रीट या एकाच रस्त्याशी बांधलेला आहे. दक्षिण इटलीतून, विशेषतः अमाल्फी किनारा आणि त्याच्या आसपासच्या गावांतून आलेली कुटुंबे या भागात स्थायिक झाली व जवळच्या कारखान्यांत काम करू लागली. त्याच किनाऱ्यावरील मायोरी गावच्या फ्रँक पेपे यांनी १९२५ मध्ये येथे बेकरी काढली आणि तिचेच पुढे पिझ्झाचे दुकान झाले. त्यांचे भाचे साल्व्हातोरे ऊर्फ सॅली कॉन्सिलिओ यांनी १९३८ मध्ये त्याच रस्त्यावर स्वतःचे दुकान थाटले. मामा श्रेष्ठ की भाचा, या प्रश्नावर शहरात आजही दोन तट आहेत आणि दोन्ही दुकानांसमोरच्या रांगा पाहता हा वाद मिटावा अशी कोणाचीच इच्छा दिसत नाही. मॉडर्न हे तिसरे नामांकित दुकान मात्र स्टेट स्ट्रीटवर आहे.

अपिझ्झाची खरी ओळख त्याच्या भाजणीत आहे. पेपे आणि सॅली यांच्या भट्ट्या दगडी कोळशावर चालतात, तर मॉडर्नची भट्टी आता तेलावर चालते. त्यामुळे इंधनापेक्षा तापलेल्या विटा आणि कोरडी, तीव्र आच हेच या पद्धतीचे मर्म मानणे योग्य ठरेल. बराच काळ थंड जागी आंबवलेली सैलसर कणीक हाताने पसरून, लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून भट्टीच्या तळावर सरकवली जाते. सरकवताना ती ओढली जाते आणि पिझ्झा गोल न राहता लांबट, वेडावाकडा होतो. तो तसाच, कागद अंथरलेल्या पत्र्याच्या तबकात ग्राहकापुढे येतो. कडेला आणि खालच्या अंगाला काळे डाग पडलेले असतात. नवखा ग्राहक पिझ्झा करपला म्हणून तक्रार करतो. परंतु करपणे आणि खरपूस होणे यांत भाकरी खाणाऱ्याला जो फरक कळतो, तोच येथे अभिप्रेत आहे. तुकडा दाताखाली आधी कुरकुरतो आणि मग चिवटपणे ताणला जातो.

चीजबाबतचा संकेतही वेगळा आहे. साधा पिझ्झा मागवल्यास टोमॅटोचा रस, ओरेगानो आणि किसलेले खारट पेकोरिनो चीज एवढेच मिळते. मोझरेला, म्हणजे तिथल्या बोलीतील ‘मूट्स’, ही वरून घालायची जिन्नस समजली जाते आणि ती आठवणीने मागावी लागते.

शहराबाहेर सर्वाधिक नावाजलेला प्रकार म्हणजे शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा. कोकणात तिसऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिंपल्यांच्या वर्गातलीच लहान, कवचातून नुकतीच काढलेली शिंपली, लसूण, ऑलिव्ह तेल, ओरेगानो आणि किसलेले पेकोरिनो एवढ्यावर तो होतो. त्यात टोमॅटो नसतो. पेपे यांच्या दुकानात आधी कच्ची शिंपली जेवणापूर्वी खायला देत असत. १९६० च्या दशकात ती पिझ्झावर आली. मोझरेला घातल्यास शिंपल्यांची चव दडपते, म्हणून जाणकार ती टाळतात. कुस्करलेल्या बटाट्याचा पिझ्झा ही पुढे रूढ झालेली भर असून जुन्या मंडळींना ती फारशी मानवलेली नाही. पिझ्झासोबत शेजारच्या ईस्ट हेवनमधील फॉक्सन पार्क या जुन्या कंपनीचा सोडा पिण्याची प्रथा आहे.

फ्रँक पेपे १९६९ मध्ये वारले. त्यांच्या वारसांनी २००६ मध्ये फेअरफील्ड येथे पहिली शाखा उघडली आणि मूळ भट्टीबरहुकूम कोळशाची भट्टी तेथे बांधून घेतली.