शस्त्र परवाना: मानसिक आरोग्याच्या दाखल्यापाशी अर्ज का अडतो

बंदुकीच्या परवान्यासाठी आलेले अर्ज भरून देताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. आधार, रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेचा दाखला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार फोटो हे सगळं लोक बरोबर आणतात आणि अडकतात ते एका पानापाशी. ते पान म्हणजे नमुना एस-३: शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला.

बाकीची वाट सरळ आहे. वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये ऑनलाइन भरायचा. आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर तो पोलीस आयुक्तांकडे जातो, एरवी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र (नमुना एस-२) जोडायचं. मग जवळच्या पोलीस ठाण्याकडून अर्जदाराची चौकशी होते.

आता एस-३. ओळखीच्या डॉक्टरांकडून ‘प्रकृती उत्तम आहे’ असं लेटरहेडवर लिहून आणलं की अर्जात त्रुटी निघणारच. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे दाखल्यात मानसिक आरोग्याचा उल्लेख हवा आणि अर्जदार दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला नाही, हे वेगळं आणि स्पष्ट लिहिलेलं हवं. हे दुसरं वाक्यच बहुतेक दाखल्यांत नसतं. काही ठिकाणी जिल्हा रुग्णालयाचाच दाखला मागतात, म्हणून आपल्या कार्यालयात आधी विचारून घ्या. नाहीतर दोन खेपा फुकट जातात.

खरी भीती मात्र वेगळीच असते. ‘चार वर्षांपूर्वी नैराश्याच्या गोळ्या घेत होतो, आता मला परवाना मिळणारच नाही ना?’ हा प्रश्न लोक माझ्याजवळ खुर्ची ओढून, आवाज खाली आणून विचारतात. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १४ सांगतं की अर्जदार मनोविकल (इंग्रजी कायद्यात ‘अनसाउंड माइंड’, म्हणजे मन ठिकाणावर नसलेला) आहे असं मानायला कारण असेल, तर परवाना नाकारावा. पण मनोविकल असणं आणि मानसिक आजार असणं या दोन गोष्टी एक नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की सक्षम न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय, केवळ आजाराचं निदान झालं म्हणून कोणाला मनोविकल समजू नये. हा कायदा लागू होऊन इतकी वर्षं झाली, तरी टेबलापलीकडे अजून ‘गोळ्या चालू आहेत? मग राहू द्या’ असं ऐकू येतं, आणि ते ऐकून मला राग येतो. गोळीबाराची बातमी आली की मारणारा वेडाच असणार, असं सगळे धरून चालतात. पण मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कोणावर हात उगारत नाहीत, उलट मार त्यांनाच जास्त बसतो. धोका दिसतो तो दारूत, घरातल्या मारहाणीत, पूर्वीच्या भांडणांत. व्यसनाचं ते वाक्य दाखल्यात म्हणूनच हवं.

तरीही डॉक्टरांपासून आजार लपवू नका. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली रद्द होऊ शकतो. उपचार चालू असतील तर ज्यांच्याकडे चालू आहेत त्यांच्याकडूनच सध्याच्या स्थितीचं पत्र घ्या आणि एस-३ देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. एवढ्याने परवाना मिळेलच असं नाही. ‘अन्य कारणाने अपात्र’ ठरवण्याचा अधिकार कार्यालयाला आहेच. पण नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर त्यांचा गोषवारा द्यावा लागतो. सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच हा गोषवारा नाकारता येतो. तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका. तो गोषवारा हातात असेल, तरच कलम १८ खालच्या अपिलात नेमकं उत्तर देता येतं.

आणखी एका अर्जाबद्दल कोणी विचारत नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. परवाना आधीच घरात आहे आणि परवानाधारक मनाने खचला आहे. झोप नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. म्हणजे घरातल्या शस्त्राचा धोका आधी त्याच माणसाला आहे. वाईट वेळ पुष्कळदा निघून जाते, पण त्या वेळी शस्त्र हाताशी असता कामा नये. निवडणुकीत बंदूक जमा करतात हे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तशीच ती एरवीही, स्वतःहून, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला देता येते. धारकाशी शांतपणे बोला, त्याच्या सहीचा साधा अर्ज करा. ‘आजारपणामुळे’ असं लिहायची गरज नाही, ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ पुरे. परवाना सोबत न्या, काडतुसंही मोजून द्या आणि शस्त्राचा क्रमांक घातलेली पावती घेतल्याशिवाय निघू नका. त्याच दिवशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, घरच्यांनी केला तरी चालतो. शस्त्र जमा असलं तरी परवान्याची मुदत चालूच राहते, म्हणून नूतनीकरणाची तारीख त्या पावतीवरच लिहून ठेवा.