काळ्या पडद्यावरची सरकणारी पट्टी

कन्सोलवर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या काळ्या पडद्यावर, प्रोग्रॅमचा मेन्यू बनवायला घेतला की पहिली हौस असते ती सिलेक्ट केलेली ओळ रंगीत दिसायची. वर-खाली ॲरो दाबले की पट्टी सरकते, मस्त वाटतं. पण खरं म्हणजे तिथे काहीच सरकत नसतं. मेन्यू कशाशी खातात हे टर्मिनलला (ही अक्षरं पडद्यावर दाखवणाऱ्याला) माहीतच नाही, त्याला फक्त खाने कळतात, प्रत्येक खान्यात एक अक्षर आणि ते कुठल्या रंगात. कुठली ओळ निवडलीय हा आपल्या प्रोग्रॅममधला एक साधा आकडा असतो, बाकी सगळा रंगकामाचा देखावा.

१९८१च्या आयबीएम पीसीवर हे अगदी उघडं दिसायचं. टेक्स्ट मोडमध्ये ८० कॉलम, २५ ओळी, म्हणजे २००० खाने, आणि प्रत्येकाला दोन बाइट, एक अक्षराचा, दुसरा रंगाचा. रंगाच्या बाइटमध्ये हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा) ०७ टाकलं की काळ्यावर फिकट करडं अक्षर, त्याचं ७० केलं की नेमकं उलटं. बस, हायलाइट झालं! अक्षरांना हातसुद्धा लावायचा नाही.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे टर्मिनल हे वायरच्या पलीकडचं वेगळं मशीन होतं, त्याच्या मेमरीत आपण थोडेच हात घालणार, म्हणून मग रंगाचे हुकूम मजकुरातूनच पाठवायची पद्धत पडली. आधी एस्केप कॅरेक्टर (नंबर २७), मग चौकटी कंस, मग आकडा, शेवटी छोटा एम. आकडा ७ दिला की अक्षर आणि पार्श्वभूमीचे रंग अदलाबदल. १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलला रंग नव्हतेच, पण ही उलटापालट होती आणि मला आजही मेन्यूसाठी तीच आवडते, कारण युजरची थीम काळी असो की पांढरी, ओळ वाचता येतेच. हौसेने निळ्यावर लाल केलं की डोळ्यांचे हाल, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांचा तर विचारच नको.

रंगच हवे असतील तर ३० ते ३७ अक्षरांचे, ४० ते ४७ मागचे. यात एक गंमत आहे, लाल १, हिरवा २, निळा ४, आणि बाकीचे बेरजेने: लाल अधिक हिरवा म्हणजे ३, पिवळा. विंडोजच्या जुन्या कन्सोल फंक्शनमध्ये मात्र निळा १ आणि लाल ४, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलले की लाल ओळ निळी होते आणि आपण तासभर डोकं खाजवत बसतो.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. रंगाचा हुकूम ओळीपुरता नसतो, पेनातली शाई बदलल्यासारखं आहे, परत बदलेपर्यंत सगळं त्याच शाईत. मी एकदा शेवटचा शून्याचा हुकूम, म्हणजे रिसेट, द्यायला विसरलो, प्रोग्रॅम बंद केला तरी प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची वाट बघणारी ओळ, आपली निळीच. रिसेट नवीन ओळीच्या *आधी* द्या, कारण स्क्रीन भरलेली असताना नवीन ओळ आली तर कित्येक टर्मिनल ती अख्खी ओळ चालू रंगाने भरून टाकतात, मग पट्टी उजव्या काठापर्यंत पसरते.

फ्लिकरचं, म्हणजे पडदा लुकलुकण्याचं, कारणही साधंच, दर कीला आख्खी स्क्रीन पुसून परत छापणं. बदल तर दोनच ओळींत असतो, जुनी साधी करायची, नवी रंगवायची, कर्सर थेट त्या ओळीवर नेऊन. आणि पट्टी सगळीकडे सारख्या लांबीची हवी असेल तर शब्दापुढे स्पेस भरावी लागते. इंग्रजी अक्षरांना ते जमतं, पण ‘सेव्ह करा’ लिहिलं की युनिकोडच्या हिशोबाने स्पेस धरून नऊ कोडपॉइंट (अक्षर, मात्रा, हलन्त यांना मिळणारे वेगवेगळे नंबर) होतात, पडद्यावर जागा त्याहून कमी लागते, आणि हे कोडपॉइंट मोजणाऱ्या लेंग्थ फंक्शनवर विसंबलात तर तेवढी एक पट्टी इतरांपेक्षा आखूड.