जाड कॉर्ड मागण्याआधी एवढं वाचा

पोहण्याच्या स्पर्धेची तारीख लागली की दुकानात दोन प्रकारचे पालक येतात. मागणी असते कॉर्डची, म्हणजे पोहण्यातला हात जमिनीवर सरावायच्या, हँडल लावलेल्या रबरी ट्यूबची. काही म्हणतात, "तुमच्याकडची सगळ्यात जाड कॉर्ड दाखवा." काही जण आधी नेलेली जाड कॉर्ड पिशवीतून काढतात आणि म्हणतात, "त्याचा खांदा दुखतोय, ही बदलून द्या." बऱ्याचदा पालक तेच असतात, मधे महिनाभर गेलेला असतो. तेच तेच समजावून सांगण्यात दोघांचाही वेळ जातो, म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

ड्रायलँड, म्हणजे पाण्याबाहेरचा व्यायाम, कशासाठी करायचा, हे तुमच्या कोचनी सांगितलं असेलच. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असतं. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि त्याला लागणारी शक्ती आठपट. त्यामुळे 50 किंवा 100 मीटरमध्ये अर्धा सेकंद कमी करायचा असेल, तर नुसत्या लॅप्स वाढवून भागत नाही, अंगात ताकद लागते. इथवर सगळ्यांचं पटतं. घोळ पुढे होतो, कारण ताकद म्हटलं की पालकांना जाड रबर आठवतं.

रबर आणि पाणी सारखं वागत नाहीत. पाण्यात हात किती वेगाने आणि कसा धरून मागे नेता, त्यावर विरोध ठरतो. रबर मात्र जितकं ताणाल तितकं जड होत जातं. म्हणजे स्ट्रोकच्या सुरुवातीला, जिथे कॅच, म्हणजे हाताने पाण्याची पकड, घ्यायचा असतो, तिथे कॉर्ड सगळ्यात सैल असते आणि हात मांडीशी येतो तेव्हा सगळ्यात जड. सुरुवातीलाही ताण यावा म्हणून मुलं दोन पावलं मागे सरकतात. कॉर्ड जाड असेल तर मग पुल, म्हणजे हात मागे ओढणं, निम्म्यावरच अडकतो. अडकलं की शरीर पळवाट शोधतं. कोपर खाली पडतं आणि हाताच्या आधी मागे जातं, खांदा कानाकडे चढतो, कंबर हेलकावे खाते. पुल पूर्ण झाल्यासारखा दिसतो, पण सगळा भार खांद्याच्या पुढच्या भागावर आलेला असतो.

तलावावर कोच "कोपर वर! कोपर वर!" म्हणून ओरडत असतात, ती हीच चूक. कोपर पडलं की हाताचा पुढचा भाग पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो आणि हात नुसता सरकून येतो. घरी रोज शेकडो वेळा हेच केलं, तर मूल चुकीचा स्ट्रोक जोरात मारायला शिकतं. ती सवय मोडायला कोचचे आठवडे जातात आणि तेवढ्यात हंगाम सरतो.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला त्याचा पुल पाहिल्याशिवाय आम्ही मधली किंवा जाड कॉर्ड देत नाही. काहींना वाटतं, दुकानदाराने एवढं शहाणपण कशाला करावं? काहींना वाटतं, दोनदा विकायचा डाव आहे. पातळ कॉर्ड स्वस्त असते, त्यामुळे नुकसान झालं तर आमचंच. आणि रंगावरून मागू नका. एका कंपनीची हिरवी कॉर्ड दुसऱ्या कंपनीच्या निळीपेक्षा जड असू शकते.

घरी तपासायचं असेल तर मोबाईल बाजूला उभा करून व्हिडिओ काढा. कॉर्ड कमरेच्या उंचीला बांधा. मुलाने कमरेतून पुढे वाकायचं, पाठ सपाट आणि नजर जमिनीकडे. हात पुढे लांब केल्यावर कॉर्ड जेमतेम ताठ होईल इतक्या अंतरावर उभं राहायचं. आता पुल सुरू होताना कोपर जागेवर राहून बोटं खाली वळतात का ते पाहा. कोपर आधी मागे गेलं, तर कॉर्ड जड आहे. वाद घालायची गरज नाही, व्हिडिओ दाखवतो. परत येताना रबराने हात खेचून न्यायचे नाहीत. सावकाश सोडायचे, खांद्याच्या मागच्या स्नायूंचं काम तिथेच होतं.

"किती वेळा करायचं?" या प्रश्नाला आमचं उत्तर सेकंदात असतं. मुलाला 50 मीटर फ्रीस्टाईलला 35 सेकंद लागत असतील, तर 35 सेकंदांचा सेट, स्पर्धेत हात ज्या लयीत फिरतात त्याच लयीत. मधे दीड-दोन मिनिटं विश्रांती. शेवटचे पाच स्ट्रोक पहिल्या पाचांसारखे दिसले पाहिजेत. दोन-तीन आठवडे हे सहज जमू लागलं की पुढची कॉर्ड घ्यायला या, आम्ही आनंदाने देऊ.

कॅमरन मॅकएव्हॉयचे व्हिडिओ आम्हालाही बरेच जण पाठवतात. तो 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईल 21.25 सेकंदांत जिंकला आणि त्याने पोहणं कमी करून जिममधली ताकद वाढवली, हे खरं आहे. पण तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि मागे कित्येक वर्षांचं पोहणं जमा होतं. सातवीतल्या मुलाच्या खात्यात ते अजून नाही. उलट टोकाची भीतीही नको. वजन उचलल्याने उंची खुंटते असं काही नाही. देखरेखीखाली, बेताच्या वजनाने आणि नीट पद्धतीने केलेला व्यायाम मुलांना चालतो. पांडवलेणीच्या पायऱ्या पळायच्या तर जरूर पळा. दम वाढेल, पायांत जोर येईल, पण त्याने कॅच सुधारणार नाही.

पायांचा जोर कामाला येतो तो स्टार्ट आणि टर्नला. जागेवरून उंच उडी, लांब उडी, स्क्वॉट, याला आमच्याकडून काहीच विकत घ्यावं लागत नाही. ब्रेस्टस्ट्रोक सोडला तर स्टार्ट आणि टर्ननंतर 15 मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. तिथे शरीर सरळ रेषेत ठेवायला पोट, पाठ आणि मोकळे खांदे लागतात, त्यासाठी प्लँक आणि स्ट्रेचिंग.

सगळ्यात दुर्लक्षित व्यायाम म्हणजे कोपर बरगडीला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं. पोहण्याने खांदा आत फिरवणारे स्नायू दणकट होतात, बाहेर फिरवणारे मागे पडतात आणि दुखणं तिथून सुरू होतं. यासाठी लागणारी पातळ पट्टी आम्ही प्रत्येक कॉर्डसोबत देतोच, वेगळे पैसे नाहीत. मात्र आधीच दुखत असेल तर पट्टी घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर सकाळी मुख्य सराव असेल, तर त्याआधी दमवणारं ड्रायलँड नको, नुसतं अंग मोकळं करा. जड काम पोहण्यानंतर किंवा वेगळ्या दिवशी. स्पर्धेच्या आधीच्या आठवडा-दहा दिवसांत तेही कमी करा. त्या आठवड्यात नवीन कॉर्ड मागायला आलात तर आम्ही तुम्हाला परत पाठवू.

कॉर्ड गच्चीवर किंवा खिडकीत उन्हात ठेवू नका. क्लोरीनचं पाणी लागलं तर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. ग्रिलच्या धारेवर थेट न बांधता सोबतचा कापडी पट्टा वापरा. रोज सुरू करण्याआधी कॉर्ड बोटांतून फिरवून चीर आहे का पाहा, तुटलेलं रबर डोळ्यावर येतं. डिसेंबरमधल्या नाशिकच्या सकाळी आधी अंग गरम करा, मगच कॉर्ड हातात घ्या.

वापरलेली कॉर्ड परत घेत नाही, पण पातळ कॉर्डवरून मधलीवर जाताना हँडल आणि पट्टा तोच चालतो, फक्त ट्यूबचे पैसे पडतात. शनिवारी संध्याकाळी दुकानात पुल पाहून देतो, त्याचे पैसे नाहीत. मुलाला सोबत आणा. फोनवर वय आणि उंची सांगून कॉर्ड मिळणार नाही.