ब्रिटनमधल्या कौन्सिलांची खरेदी आणि आधुनिक गुलामगिरी

ब्रिटनमधल्या कौन्सिलांकडे (म्हणजे आपल्या महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांकडे) कचरा, रस्ते, पार्किंग असतंच, शिवाय ज्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःचं करता येत नाही त्यांची घरी जाऊन देखभाल करायची जबाबदारीही बऱ्याच ठिकाणी कौन्सिलचीच असते, आणि यातलं खूपसं काम बाहेर कंत्राटावर दिलेलं असतं. कंत्राटदार पुढे सबकंत्राटदाराला देतो, तो एजन्सीकडून माणसं घेतो, आणि या साखळीच्या तळाशी कोण कुठल्या अटींवर राबतंय हे कौन्सिलच्या खरेदी विभागाला बऱ्याचदा माहीतच नसतं. तिथे कोणाला सक्तीने राबवलं जात असेल, म्हणजेच आधुनिक गुलामगिरी चालू असेल, तर ती शोधायची आणि टेंडर-कंत्राटाचा जोर वापरून थांबवायची, हा कौन्सिलांच्या गुलामगिरीविरोधी कामाचा गाभा.

कायद्याचा पाया म्हणजे 2015 चा मॉडर्न स्लेव्हरी अॅक्ट. गुलामी, सक्तीची मजुरी आणि माणसांची तस्करी हे गुन्हे त्यात येतात. त्याच्या कलम 54 प्रमाणे वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीत काय पाहिलं, काय केलं याचं निवेदन दरवर्षी काढावं लागतं. गंमत म्हणजे हे कलम कंपन्यांसाठी लिहिलेलं, कौन्सिलांना सरसकट लागू नाही. 2020 मधे सरकारने सार्वजनिक संस्थांनाही त्यात आणू असं जाहीर केलं आणि पुढे ते वर्षानुवर्षं रखडलं, त्यामुळे अनेक कौन्सिल आपणहून निवेदन काढतात.

आपणहून करायच्या गोष्टींमधे सगळ्यात माहितीतली म्हणजे को-ऑपरेटिव्ह पार्टीची, म्हणजे तिथल्या सहकारी चळवळीतल्या पक्षाची, दहा कलमी सनद. खरेदीच्या स्टाफला ट्रेनिंग, कंत्राटदाराने कायदा पाळला नाही तर कंत्राट रद्द करण्याची तरतूद, कामगारांना युनियनमधे जायची मोकळीक, तक्रार करणाऱ्याला संरक्षण, संशय आला तर प्रकरण तपासाला पाठवणं, असं बरंच त्यात आहे. पण माझ्या मते खरा दात एकाच कलमाला आहे, तो म्हणजे टेंडर संशयास्पद स्वस्त असेल तर कंत्राटदाराला हिशोब विचारायचा. किमान वेतन, रजा, विमा धरून जो आकडा बसूच शकत नाही तो कोणी भरला असेल तर फरक कोणाच्या तरी मजुरीतूनच निघणार ना.

2019 मधे बर्मिंगहॅमच्या कोर्टात ज्या पोलिश टोळीचे खटले संपले (पोलिसांच्या तपासाचं नाव ऑपरेशन फोर्ट) त्यात 400 च्या वर माणसं अडकलेली असल्याचं समोर आलं, ती शेतांवर आणि कचरा वेगळा करायच्या केंद्रांवर कामाला होती. बाहेरून बघणाऱ्याला साधी एजन्सीची माणसं, पगारही निघत होता, फक्त तो टोळीच्या ताब्यातल्या खात्यांमधे जात होता. त्यामुळे नुसता फॉर्म भरून घेऊन भागत नाही, कामगारांशी त्यांच्या भाषेत, एकेकाला बाजूला घेऊन बोलावं लागतं आणि एकाच पत्त्यावर, एकाच बँक खात्यावर किती जण आहेत हे कंत्राटदाराला तपासायला लावावं लागतं.

सध्या सगळ्यात नाजूक क्षेत्र म्हणजे देखभालीचं. 2022 मधे केअर वर्करचा व्हिसा खुला झाला आणि भारतातून भरपूर लोक गेले, त्यातल्या अनेकांकडून एजंटांनी नोकरीच्या नावाखाली लाखो रुपये उकळले, म्हणजे माणूस विमानातून उतरतो तोच कर्जात. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्याच्या डोक्यावर उचल असते तसंच हे, मालक सोडता येत नाही, कारण व्हिसाही त्याच्याच स्पॉन्सरशिपवर, आणि ती गेली की साधारण 60 दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर परत जा. 2023 मधे नॉर्थ वेल्समधल्या केअर होम्सच्या प्रकरणात 50 हून जास्त भारतीय विद्यार्थी शोषणाला बळी पडले असावेत असं तिथल्या कामगार शोषणविरोधी यंत्रणेने सांगितलं होतं. परदेशातून नवीन केअर वर्कर आणणं जुलै 2025 मधे बंद झालं, आधी गेलेले मात्र तिथेच आहेत. आता यात कौन्सिलचा हात असा की देखभालीसाठी कंत्राटदाराला द्यायचा तासाचा दर तीच ठरवते. दर इतका कमी की एका घरातून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचे पैसे निघत नाहीत, आणि वर तोच खरेदी विभाग गुलामगिरीविरोधी प्रश्नावली पाठवतो, हे जरा अतीच झालं. अर्थात कौन्सिलांची तिजोरीही रिकामी आहे, सनद लवकर स्वीकारणाऱ्यांमधल्या लंडनच्या क्रॉयडन कौन्सिललाच 2020 मधे खर्च थांबवायची कलम 114 ची नोटीस काढावी लागली होती.

24 फेब्रुवारी 2025 पासून 2023 चा प्रोक्युअरमेंट अॅक्ट, म्हणजे सरकारी खरेदीचा कायदा, लागू झालाय. आता कोर्टात शिक्षा झालेली नसली तरी पुरेसा पुरावा असेल तर पुरवठादाराला टेंडरमधून बाहेर ठेवता येतं, आणि बंदी घातलेल्यांची मध्यवर्ती यादी ठेवायचीही सोय आहे. वेल्सने 2017 पासून पुरवठा साखळीतल्या कामगारांच्या वागणुकीसाठी स्वतःची आचारसंहिता चालवली आहे, स्कॉटलंडचा तस्करीविरोधी कायदा वेगळा.

वस्तूंच्या बाबतीत कौन्सिलची नजर फार लांब पोचत नाही. कॉम्प्युटर, युनिफॉर्म, हातमोजे, आणि फुटपाथ-चौकात बसवायची राजस्थानची सँडस्टोनची फरशी. तिथल्या खाणींमधे बालमजुरी आणि आगाऊ रकमेत अडकलेले मजूर हा जुना प्रश्न आहे, आणि ब्रिटन या दगडाचं मोठं गिऱ्हाईक. फरशी कुठल्या खाणीतली हे विचारलं तर कंत्राटदार आयातदाराकडे बोट दाखवतो, आयातदार निर्यातदाराकडे, आणि निर्यातदाराने तो दगड चार-पाच खाणींमधून एकत्र गोळा केलेला असतो.