पार्श्वभूमी : गायरानाच्या नोटिसांमागचा इतिहास

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणे वर्षअखेरीपर्यंत काढण्याचा आदेश दिला. कोल्हापूर जिल्ह्यात नोटिसा निघाल्या, त्यांच्या विरोधात मोर्चेही निघाले. वीस-पंचवीस वर्षे ज्या घरात संसार केला ते अतिक्रमण ठरते, हे कित्येकांना नोटीस हाती पडल्यावरच उमगले. पण हा पेच फार जुना आहे.

गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम २२ अशी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार देते. मालकी सरकारची, देखभाल ग्रामपंचायतीकडे आणि नोंद तलाठ्याच्या दप्तरात.

इकडे गुरेच गायरानावर जाईनाशी झाली. पाणी आले तसा ऊस वाढला, माळ-पड नांगराखाली गेले. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, उभा राहिला आणि दुभती म्हैस दावणीला आली. उसाचे वाडे आणि वैरण गोठ्यातच मिळू लागली. गावठाण मात्र होते तेवढेच राहिले. भावाभावांच्या वाटण्या झालेल्यांना आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही नव्हता अशांना घर बांधायला मोकळा दिसला तो गायरानाचाच माळ.

शासनानेही आशा लावली होती. १९९१ च्या निर्णयाने भूमिहीनांची १९७८ ते १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट खुली झाली. आज ना उद्या घरांचेही तसेच होईल, असे लोकांना वाटणे स्वाभाविक होते. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास बजावले, जुलैत राज्याचाही तसा निर्णय आला आणि ती आशा जवळपास संपली.

या सगळ्या काळात अतिक्रमणांसाठी गाव नमुना १-ई ही स्वतंत्र नोंदवही होतीच. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हा गावचे दप्तर एका घराण्याच्या हातून सुटले. तरी ते गावासमोर पुरते उघडे झालेले नाही. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीची, प्रत चावडीवर लावावी लागते, हरकतीला मुदत मिळते. नमुना १-ई सुद्धा दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचला पाहिजे, गट नंबर आणि क्षेत्रासह, म्हणजे घराचा पाया खणण्याआधीच माणसाला कळेल.