पहिल्या केमोच्या आधी हे वाचा

कॅन्सरचे उपचार सुरू होणारे तरुण रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी. जळगाव, धुळे, नंदुरबार.

आमच्या वीर्य गोठवून ठेवणाऱ्या केंद्रात येणारे बरेच रुग्ण उशिरा येतात. दोन केमो झालेल्या असतात, केस गेलेले असतात, आणि मुंबईला दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारी बसलेल्या कुणाकडून तरी कळलेलं असतं, की या औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. मग भुसावळला उतरून थेट आमच्याकडे. तोवर आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. हेच पत्रक महिनाभर आधी हातात पडलं असतं तर काम दोन-तीन तासांचं होतं.

डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. आपल्याकडचा रुग्ण मुळात आजार वाढल्यावर पोचतो, ओपीडीत उभं राहायला जागा नसते, आणि जीव वाचवणं हे पहिलं काम असतं. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने उपचारांआधी हा विषय रुग्णाशी बोलावा, असं २००६ सालीच लिहून ठेवलं. आपल्यासारख्या देशात मात्र तो काढायची पाळी बहुतेक वेळा रुग्णावरच येते. म्हणून फाइल पुढे करताना एवढंच विचारा: “साहेब, या उपचारांनी पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल? आणि सुरू करायला किती दिवस थांबता येईल?” लाजू नका. लग्न झालेलं नसलं तरी विचारा. पोरगा विचारत नसेल तर त्याच्या काकाने विचारावं.

नुकसान कशाने होतं

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच, त्यामुळे त्या सापडतात. बाईच्या बाबतीत गोष्ट वेगळी. तिची बीजं जन्मापासूनच ठरावीक असतात, नवीन तयार होत नाहीत, आणि औषधाने तो साठाच घटतो. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, बुसल्फान, मेल्फालान ही नावं कागदावर दिसली तर धोका जास्त समजा. डोस किती आणि वय किती यावरही बरंच अवलंबून असतं. सगळ्या केमो सारख्या नाहीत; हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये नेहमी दिली जाणारी एबीव्हीडी ही चार औषधांची केमो त्यामानाने सौम्य आहे. ओटीपोटाला शेक (रेडिएशन) द्यायचा असेल तर वेगळी काळजी लागते. बीजकोषाला फक्त २ ग्रे (ग्रे हे शेक मोजण्याचं माप) शेक बसला तरी जवळजवळ निम्मी बीजं जातात. अशा वेळी शेकाआधी छोट्या शस्त्रक्रियेने बीजकोष वर सरकवून ठेवता येतात. पुरुषाच्या वृषणांना शिशाचं आवरण घालता येतं.

पुरुषांसाठी: हे काम आम्ही करतो

वीर्य गोठवणं ही यातली सर्वांत जुनी, स्वस्त आणि खात्रीची पद्धत. गोठवलेल्या शुक्राणूंपासून पहिली मुलं १९५३ साली अमेरिकेत जन्मली. इंग्लंडमध्ये एकाने वृषणाच्या कॅन्सरमुळे १७व्या वर्षी वीर्य ठेवलं होतं. २१ वर्षांनी त्यापासून त्याला मूल झालं.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाय भरवायला येणारे डॉक्टर धूर निघणाऱ्या कॅनमधून बारीक कांडी काढतात, ते तुम्ही पाहिलंय. आमचा कॅन तसाच, कांड्याही तशाच. आत द्रवरूप नायट्रोजन, तापमान उणे १९६ अंश सेल्सियस. पहिला प्रश्न हमखास येतो, तोही अहिराणीत: “लाईट गयी ते?” लाईट गेली तरी काही होत नाही. हा फ्रीज नाही, त्याला वीज लागतच नाही. लागतो तो नायट्रोजन. तो हळूहळू उडून जातो, म्हणून आम्ही ठरलेल्या दिवशी पातळी मोजून भर घालतो आणि वहीत नोंद करतो. ती वही मागा, दाखवू. भारनियमनाला घाबरू नका, ज्याच्याकडे अशी वही नाही त्याला घाबरा.

नमुना केंद्रातच, बंद खोलीत द्यायचा. घाई नाही, कुणी दार वाजवत नाही. धुळ्याहून किंवा शहाद्याहून डबीत घालून बसने आणू नका. शुक्राणूंना अंगाइतकी ऊब लागते, आणि तासाच्या आत नमुना टेबलावर हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, आणि बसच्या खिडकीजवळ डबीची काय गत होते ते आम्ही पाहिलंय. नमुन्याआधी दोन-तीन दिवस संबंध टाळलेले बरे. जमलं तर एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने द्या. उद्याच केमो असेल तर एकही पुरतो.

आजारामुळे शुक्राणू आधीच कमी असू शकतात, आणि गोठवून वितळवल्यावर हालचाल करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास कामी येतात. तरीही ठेवा. १९९२ पासून इक्सी नावाची पद्धत आहे, तिच्यात एका बीजाला एकच शुक्राणू सुईने आत सोडतात. पूर्वी टाकून द्यावा लागणारा नमुना आज कामाचा ठरतो.

केमो सुरू झाल्यावर मात्र नमुना घेत नाही. औषधाने शुक्राणूंच्या आतल्या गुणसूत्रांना इजा झालेली असू शकते.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटला असेल, मिसरूड आलं असेल, तर तोही नमुना देऊ शकतो. आई-वडिलांची सही लागते, आणि मुलाची स्वतःचीही तयारी लागते. वडिलांनी बाहेर थांबावं, मुलाशी आमचा माणूस बोलेल. त्याहून लहान मुलांसाठी वृषणाचा तुकडा गोठवण्याचे प्रयोग जगात चालू आहेत. ती अजून नेहमीची पद्धत नाही. तशी खात्री कुणी देत असेल तर पैसे देऊ नका.

स्त्रियांसाठी: आम्ही करत नाही, पण माहिती घ्या

बीजं गोठवण्याची सोय आमच्याकडे नाही. त्यासाठी नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. चिठ्ठी आणि फोन आम्ही करू, त्याचे पैसे घेत नाही.

त्याला साधारण दोन आठवडे लागतात. रोज पोटात छोटी इंजेक्शनं, मध्ये सोनोग्राफी, शेवटी गुंगी देऊन सुईने बीजं काढणं. पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे. आता पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं, हा कॅन्सरच्या रुग्णांसाठी मोठाच फरक. स्तनाच्या कॅन्सरमध्ये इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोलच्या गोळ्या देतात, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन फार चढत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर केमोपर्यंत काही आठवडे मिळतात, तेच वापरायचे. तीव्र रक्ताच्या कॅन्सरमध्ये एवढी उसंत बहुधा नसते, आणि तिथे थांबू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

लग्न झालेलं असेल तर नवऱ्याच्या शुक्राणूंशी जुळवून गर्भही गोठवता येतो. ही विद्या आपल्याला परकी नाही. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ ला जन्मलेल्या दुर्गा या टेस्ट ट्यूब बाळासाठी गोठवलेलाच गर्भ वापरला होता. तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, ती वेगळी आणि दुःखाची गोष्ट. तरीही तरुण बाईने सगळं काही गर्भातच गुंतवू नये, थोडी बीजं स्वतःची म्हणून ठेवावीत, असं आमचं मत. पुढे नातं बिनसलं तर गर्भ एकटीला वापरता येत नाही.

आईला विचारायचं असतं पण विचारवत नाही, म्हणून लिहितो: अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते, आणि गरज पडल्यास बीजंही पोटाच्या बाजूने काढता येतात. आधी तसं सांगा.

पाळी न आलेल्या मुलीसाठी बीजकोषाचा तुकडा काढून गोठवणं हाच मार्ग. अशा तुकड्याचं पुन्हा रोपण करून पहिलं मूल २००४ साली बेल्जियममध्ये जन्मलं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या तुकड्यातून आजार पुन्हा अंगात शिरण्याची भीती असते. पाळी येणाऱ्या बाईसाठी केमोच्या काळात बीजकोष ‘झोपवणारं’ महिन्याचं इंजेक्शन मिळतं. पहिलं केमोच्या आठवडाभर तरी आधी घ्यायचं. त्याने थोडा आधार मिळतो, पण ते बीजं गोठवण्याच्या बदल्यात नाही.

पैसे आणि कागद

आयुष्मान कार्डावर कॅन्सरचे उपचार होतात, पण मूल होण्यासंबंधीचे उपचार त्यात बसत नाहीत. म्हणजे हा खर्च खिशातून. वीर्याचा खर्च पेलण्याजोगा आहे, दरपत्रक टेबलावर ठेवलंय. बीजांचा खर्च मोठा, कारण इंजेक्शनंच महाग. शेत गहाण टाकण्याआधी एकदा आमच्याशी बोला. कधी कधी न करणं हाही शहाणा निर्णय असतो. दत्तक घेण्याचा रस्ता कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांनाही बंद नाही.

कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे लेखी संमतीशिवाय आम्ही काहीही गोठवत नाही. रुग्णाचं बरंवाईट झालं तर नमुन्याचं काय करायचं, हेही त्याच कागदावर लिहावं लागतं. हा रकाना भरताना बायका रडतात, आया उठून जातात. आम्हालाही तो आवडत नाही, पण कायदा आहे आणि बरोबर आहे. पुढे नमुना वापरताना पुरुषाचं वय २१ च्या वर आणि ५५ च्या आत, बाईचं २१ च्या वर आणि ५० च्या आत लागतं. गर्भ १० वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुलगा-मुलगी निवडून देता का, असं विचारू नका.

बरं झाल्यावर

केमो संपली की लगेच घाई नको. किती थांबायचं ते कॅन्सरचे डॉक्टर सांगतील, तोवर साधन वापरा. पाळी परत आली म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं नाही, आणि पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असंही नाही. गरोदरपणाने स्तनाचा कॅन्सर उलटतो ही भीती सासरी फार असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० हून अधिक स्त्रियांनी आजार उलटू नये म्हणून चालू असलेल्या हार्मोनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून मूल होऊ देण्याचा प्रयत्न केला. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. गोळ्या मनाने मात्र बंद करू नका.

येताना बायोप्सीचा रिपोर्ट, केमोचा कागद, आधार कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, आणि व्हीडीआरएल (गुप्तरोगाची) या रक्ततपासण्या झालेल्या असतील तर तेही कागद आणा, पुन्हा पैसे पडायला नकोत. झालेल्या नसतील तर इथे करू. रिपोर्ट येईपर्यंत तुमचा नमुना वेगळ्या कॅनमध्ये राहतो. रात्रीच्या गाडीने मुंबईला निघायचं असेल तर दुपारी बाराच्या आत या. नमुना, तपासणी आणि सह्या मिळून दोन-तीन तास लागतात, गाडी चुकत नाही.