वही मिटा, मग सांगा

सोमवारी वीस शब्द फळ्यावर लिहायचे, मुलांनी ते अर्थासह पाच-पाच वेळा उतरवायचे आणि शुक्रवारी डिक्टेशन. सहावी-सातवीचा इंग्रजीचा तास आपल्याकडे बहुधा असाच चालतो. शुक्रवारी पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं दिवाळीची सुट्टी संपवून आली की त्याच शब्दांपुढे गप्प बसतात. मुलं अभ्यास करत नाहीत असं म्हणून विषय संपवता येतो, पण खरं कारण स्मरणाच्या रचनेत आहे आणि ते १८८५ सालीच मोजलं गेलं.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ केले. काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात, हे त्याने मोजलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के कष्ट वाचत होते, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के, महिन्याने २१. विसरण्याचा मोठा भाग पहिल्याच दिवशी उरकतो. अर्थ असलेले शब्द अक्षरगटांपेक्षा जास्त टिकतात, पण विसरणं आधी झपाट्याने आणि मग हळू, ही तऱ्हा तीच. मग पाच वेळा उतरवून काय साधतं? फारसं काही नाही, कारण समोर असलेला शब्द उतरवताना तो आठवावा लागत नाही.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो दुसऱ्यांदा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आपली शुक्रवारची चाचणी फसवी ठरते ती इथेच.

शब्द, व्याकरण आणि गोष्ट या तिन्हींना हेच लागू पडतं, आणि तिन्ही एकाच मजकुरातून आले तर आठवायला धागाही मिळतो. कोल्हापूरच्या मुलांना ओळखीची वाटेल अशी शंभर-सव्वाशे शब्दांची एक गोष्ट घेऊ. पंचगंगेचं पाणी चढतंय, गोठा रिकामा करायचा आहे. शिवाची म्हैस पुलावर पाऊल टाकत नाही. तो दोर ओढतो, वैरण दाखवतो. ती जागची हलत नाही. शेवटी आई रेडकू घेऊन पुढे चालू लागते आणि म्हैस मुकाट मागून येते.

यात नवे शब्द आठ ठेवावेत: राइज, शेड, रोप, काफ, फॉलो, सेफ, फॉडर आणि रिफ्यूज. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. सव्वाशेत दोन-तीन. म्हणून पहिले सहा शब्द वाचनाआधी शिकवायचे आणि फॉडर, रिफ्यूज हे दोन मुलांना अंदाजाने काढू द्यायचे. 'शी रिफ्यूज्ड' नंतर लगेच 'शी डिड नॉट मूव्ह' येत असेल तर अर्थ लागतो. 'संदर्भावरून ओळखा' हा सल्ला आठही शब्द अनोळखी असताना दिला, तर मुलं मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज करतात.

एकाच जातीचे शब्द एकदम शिकवायची सवय मात्र सोडावी. दहा रंग, दहा फळं, लेफ्ट-राइट, बॉरो-लेंड अशा जोड्या. टिंकहॅम (१९९३) आणि वेअरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत असे सजातीय शब्द एकत्र शिकताना जास्त वेळ लागला, कारण ते एकमेकांत मिसळतात. लेफ्ट पक्का झाला की दोन आठवड्यांनी राइट घ्यावा. दोर, रेडकू, गोठा हे जातीने वेगळे पण एकाच प्रसंगातले शब्द असा घोळ करत नाहीत.

आता उजळणी. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं करा, पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ आणि गोष्टीतलं वाक्य. चपलांच्या रिकाम्या खोक्यात चार कप्पे. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने काढायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांच्या नावाने ओळखली जाते. ती फसते तीन कारणांनी. कार्डं पिसली नाहीत तर मुलं क्रमच पाठ करतात. उत्तर तोंडाने म्हणण्याआधी कार्ड उलटलं तर आठवणं होतच नाही. आणि फक्त इंग्रजीतून मराठीत विचारलं तर वाचता येतं, लिहिता येत नाही. निम्म्या वेळा उलट दिशेने विचारा. शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याबद्दलही एक सांगायचं तर, आपला 'व' व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना पुरतो, त्यामुळे तो आधार स्पेलिंगमध्ये आडवा येतो.

व्याकरणात गोष्टीमागे एकच नियम. या गोष्टीत भूतकाळातला प्रश्न घ्यावा, कारण 'डिड शी वेंट?' ही चूक मराठी मुलांच्या वहीत हमखास असते. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडलं की शिकणाऱ्याच्या चुका त्याच्या मनात चालू असलेल्या नियमांचा पुरावा असतात. इथे ते अगदी स्पष्ट दिसतं. मराठीत 'म्हैस गेली' याला नुसता 'का' जोडला की प्रश्न होतो, क्रियापद होतं तसंच राहतं. मुलगी 'डिड'ला 'का' समजते आणि 'वेंट' तसाच ठेवते.

यावर तीन मुलांना फळ्यासमोर उभं करा. एकाकडे 'शी', दुसऱ्याकडे 'गो', तिसऱ्याकडे लाल रंगाचं भूतकाळाचं कार्ड. वर्गात हे कार्ड एकच. विधानात ते 'गो'ला चिकटतं आणि 'वेंट' होतं. प्रश्न करायचा तर लाल कार्डवाला सुटून वाक्याच्या तोंडाशी येतो आणि 'डिड' होतो. मागे उरतो नुसता 'गो'. मग जागेवर बसून, फळा पुसून, गोष्टीवर चार प्रश्न प्रत्येकाने लिहायचे. तपासताना फक्त हीच चूक तांबड्या शाईने दाखवा. सगळं पान लाल केलं तर मूल काहीच वाचत नाही. 'ही गोज'मधला 'एस' त्या वहीत राहिला तर राहू द्या. कर्ता एकटा आहे हे 'ही'नेच सांगितलेलं असतं, त्यामुळे त्या 'एस'कडे लक्ष जात नाही. नियम तोंडपाठ असलेली मुलंही तो बोलताना फार उशिरा वापरू लागतात.

गोष्टीचे घटक, म्हणजे पात्रं, स्थळकाळ, अडचण, प्रयत्न आणि शेवट, यांची व्याख्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. इथे मुलं एका ठरावीक जागी घसरतात. 'प्रॉब्लेम काय?' विचारलं की बहुतेक जण 'फ्लड' लिहितात. पूर ही परिस्थिती आहे, स्थळकाळाचा भाग. अडचण ओळखायचा प्रश्न असा: कुणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय? शिवाला म्हैस पलीकडे न्यायची आहे आणि म्हैस हलत नाही. हे उत्तर आलं की दोर आणि वैरण हे दोन फसलेले प्रयत्न आपोआप दिसतात, आणि रेडकाने काम का झालं हेही. 'तात्पर्य' इतक्यात विचारू नये. ते विचारलं की मुलं गोष्ट सोडून 'नेव्हर गिव्ह अप' लिहितात.

जीन मँडलर आणि नॅन्सी जॉन्सन यांनी १९७७ साली दाखवलं की लहान मुलांना सांगितलेल्या गोष्टीतली सुरुवात आणि परिणाम चांगले आठवतात, मधले प्रयत्न आणि पात्रांच्या मनातलं गळतं. म्हणून पुन्हा सांगायला लावताना पाच चौकटींचा कोरा कागद द्या आणि प्रयत्नांची चौकट सर्वांत मोठी आखा. प्रत्येक चौकटीत एक इंग्रजी वाक्य, आठपैकी निदान पाच शब्द वापरून. पुस्तक मिटलेलं.

हे सगळं चाळीस मिनिटांच्या चार तासांत बसतं, शिवाय त्यानंतर महिनाभर प्रत्येक तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं. साठ मुलांच्या वर्गात तपासायचं कसं? शेजाऱ्याने पुस्तक उघडून तपासायचं. बरोबर उत्तर तिथेच डोळ्यांखालून जायला हवं, नाहीतर चुकीचं आठवलेलंच पक्कं होतं. या पाच मिनिटांना गुण देऊ नयेत. गुण दिले की दुसऱ्याच दिवशी बाकाखाली वही उघडी असते.